अभिवादन, प्रत्यभिवादन आणि स्वमग्न मूल

पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात (८.२.८३) प्रत्यभिवादनासंबंधी एक स्वरनियम सांगितला आहे. धाकट्याने आपले नाव सांगून वंदन केले असता वडीलधाऱ्याने जे उत्तर द्यावयाचे, त्यातील अखेरचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, उच्चारावा असा हा नियम. नियमाला अपवाद शूद्राचा. पतंजलीने व्याकरणाध्ययनाची प्रयोजने सांगताना ह्याच नियमाचा आधार घेतला: ज्यांना प्रत्यभिवादनातील प्लुती ठाऊक नाही, त्यांना स्त्रियांना करतात तसे साधे, नुसते ‘हा मी आलो’ ह्या धर्तीचे वंदन करावे, तशी पाळी आपल्यावर येऊ नये म्हणून व्याकरण शिकावे. मनुस्मृती आणखी पुढे जाते. प्रत्यभिवादन न जाणणाऱ्या विप्राला वंदनच करू नये, तो शूद्रासारखाच, असे ती सांगते.

भारतीय परंपरेचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि तिला सरसकट नाकारणाऱ्यांनीही ह्या तीन स्थळांकडे एकत्र पाहावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. अभिवादन ही केवळ सौजन्याची बाब नसून कोण आत आणि कोण बाहेर हे ठरविणारी सीमारेषा आहे, हे आपल्या शास्त्रकारांना पक्के ठाऊक होते. एका स्वराच्या लांबीवर माणसाची पायरी ठरत होती. आज प्लुत स्वराची पृच्छा कोणी करीत नाही. परंतु दारात आलेल्या पाहुण्याकडे न पाहता खिडकीच्या गजावर बोट फिरवीत उभ्या राहिलेल्या सहा वर्षांच्या मुलाविषयी जो निवाडा दिला जातो, त्याची जात फारशी निराळी नाही. ‘ह्याला काही शिकवलं नाही का?’ ह्या प्रश्नात ‘संस्कार’ हा शब्द न उच्चारताही असतो, आणि त्याचा रोख मुलाच्या आईकडे असतो.

हा लेख अशा मुलांविषयी आहे. वैद्यकशास्त्र ज्यांना स्वमग्न म्हणते अशी मुले, आणि सामाजिक संज्ञापनात ज्यांना अडचण येते पण स्वमग्नतेची इतर लक्षणे ज्यांच्यात नसतात अशीही मुले. ह्या दुसऱ्या गटाला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान दिले. लिओ कॅनर ह्यांनी १९४३ मध्ये बाल्टिमोर येथून ११ मुलांच्या निरीक्षणावर आधारलेला जो निबंध प्रसिद्ध केला, तेथून ह्या विषयाचा आधुनिक इतिहास सुरू होतो. मधल्या काळात थंड स्वभावाच्या आईमुळे मूल असे होते, असा एक क्रूर सिद्धांत पाश्चात्त्य देशांत प्रतिष्ठा पावला आणि पुढे तो निराधार ठरला. आपल्याकडे त्याची आवश्यकताच नव्हती. ते काम शेजारपाजार आणि नातेवाईक पूर्वीपासून करीत आले आहेत. भारतीय कायद्याने स्वमग्नतेचा उल्लेख प्रथम १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या अधिनियमात केला. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातील सात प्रकारांत ती नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत ती आली.

तथापि हा विषय वैद्यांचा आणि कायदेपंडितांचा म्हणून भाषा व साहित्याच्या अभ्यासकांनी बाजूला ठेवावा हे मला मान्य नाही. तो मुख्यतः भाषेचा विषय आहे.

मालिनोव्स्की ह्यांनी १९२३ मध्ये, ऑग्डेन आणि रिचर्ड्स ह्यांच्या अर्थविचारावरील ग्रंथाला जोडलेल्या निबंधात, भाषेच्या एका उपयोगाकडे लक्ष वेधले: जे बोलणे काही माहिती देण्यासाठी नसून केवळ माणसामाणसांतील धागा जुळता ठेवण्यासाठी असते असे बोलणे. त्याला आपण संपर्कवचन म्हणू. अभिवादन हे त्याचे सर्वांत शुद्ध उदाहरण. आता मराठीतील नित्याची संपर्कवचने पाहावीत. ‘काय, कुठे निघालात?’ हा प्रश्न नव्हे. ‘हे काय, जरा इथवर’ हे त्याचे उत्तरही उत्तर नव्हे. ‘काय म्हणता?’ असे विचारणाऱ्याला आपण अद्याप काहीच म्हटलेले नाही हे दाखवून देणारा माणूस विक्षिप्त ठरतो. ‘जेवण झालं का?’ ह्याला ‘हो, झालं’ एवढे पुरते. तमिळनाडूत ‘साप्पिट्टाच्चा’ म्हणूनही हेच साधतात. ज्या मुलाचे मन शब्दाला शब्दार्थानेच धरते ते मूल मात्र काय काय जेवलो, भात किती होता, आमटीत कोणती डाळ होती आणि ती आपल्याला का आवडली नाही, हे सांगू लागते किंवा, अनेकदा, काहीच बोलत नाही. कारण त्याला कळून चुकलेले असते की विचारणाऱ्याला उत्तर नको आहे. पण मग त्याने विचारले कशाला, हे कळत नाही. हा तर्कदोष मुलाचा मानावा की भाषेचा?

निरोपाच्या बाबतीत तर मराठी मूल आणखी अवघड जागी सापडते. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ते अशुभ. आपण ‘येतो’ म्हणतो. बंगालीत ‘आशि’, गुजरातीत ‘आवजो’, कन्नडात ‘होगि बर्तीनि’, तमिळात ‘पोय्ट्टु वरेन्’, तेलुगूत ‘वेळ्ळोस्तानु’. आर्य आणि द्राविड कुळांतील भाषा येथे एकमुखाने बोलतात. भारतीय भाषांच्या एकात्मतेचे दाखले शोधणाऱ्या विद्वानांनी मूर्धन्य व्यंजने आणि द्विरुक्त शब्द ह्यांच्या जोडीने ह्या निरोपवचनांचाही विचार करावयास हरकत नाही. पण त्या एकात्मतेची किंमत एका मुलाला कशी मोजावी लागते तेही पाहावे. मामा ‘बरं, येतो’ म्हणाला आणि गेला. मूल दारापाशी थांबले. तो आला नाही. दुसऱ्या खेपेस तो ‘येतो’ म्हणाला तेव्हा मुलाने आकांत केला, आणि घरच्यांना कारण उमगेना. इंग्रजीतील मार्गदर्शक पुस्तकांत ह्यावर उपाय मिळणार नाही, कारण ज्या भाषेत ती लिहिली गेली तिच्यात ही अडचणच नाही.

सर्वनामांची कथा अशीच. कॅनर ह्यांच्या निरीक्षणातील मुले सर्वनामे जशी कानावर पडली तशीच परत करीत. ‘तुला पाणी हवंय?’ असे म्हणणारे मूल स्वतःच पाणी मागत असते. मराठीत ह्यावर एक पदर अधिक चढतो. आपल्या क्रियापदाला पुरुषाबरोबर लिंगही असते, आणि प्रथमपुरुषातही ते सुटत नाही. आईच्या तोंडचे ‘मी येते हं’ हे निरोपाचे वाक्य मुलगा जसेच्या तसे उचलतो, आणि शाळेच्या फाटकाशी ‘मी येते’ म्हणतो. इतर मुले हसतात. वस्तुतः त्याने एक मोठी मजल मारलेली असते: निरोपाचा प्रसंग ओळखला, त्या प्रसंगाचे वचन आठवले, आणि योग्य वेळी उच्चारले. चूक झाली ती एका मात्रेची. (पुन्हा मात्राच!) प्रिझंट आणि डुकन ह्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की अशा मुलांचे ऐकलेले शब्द परत म्हणणे हे निरर्थक नसून त्यामागे निरनिराळे हेतू असतात, होकार देणे, आपली पाळी घेणे, मागणी करणे. ही गोष्ट गावोगावच्या शिक्षकांपर्यंत अजून पोहोचायची आहे.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. अभिवादन ही मनाची उत्स्फूर्त ऊर्मी. ती पाठ करून घेतली तर तिच्यात काय उरले? पोपटपंची शिकवून मुलाचा काय लाभ? हा आक्षेप घेणाऱ्यांनी आपलीच परंपरा नीट आठवावी. पत्रलेखनाचे मायने आपण काय उत्स्फूर्तपणे शिकलो? वडिलांना ‘तीर्थरूप’, काकांना ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, परक्या गृहस्थाला ‘श्री. रा. रा.’, वडिलांना शिरसाष्टांग नमस्कार, समवयस्काला नुसता नमस्कार, लहानाला अनेक उत्तम आशीर्वाद, शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’. शालेय व्याकरणाच्या पुस्तकांत ह्याची कोष्टके असत आणि ती घोकावी लागत. त्याच्याही मागे जावयाचे तर हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे मेस्तक आहे, गुजरातेतील लेखपद्धती आहे; कोणाला काय संबोधावे ह्याचे साचे त्यांत नोंदवून ठेवलेले आहेत. साच्यातून लिहिलेले ते शिरसाष्टांग नमस्कार खोटे होते असे कोणी म्हटले नाही. पेशव्यांच्या दप्तरातील कारकून जे साच्यावरून शिकला, ते एका मुलाने चित्रांच्या पट्टीवरून शिकले तर त्यात उणेपणा कोणता? बाकीची मुले अभिवादन हवेतून उचलतात. ह्या मुलाला कोष्टक लागते. आपल्या भाषेला कोष्टकांचे वावडे कधीच नव्हते.

मात्र शिकविण्याची नित्याची रीत सदोष आहे, आणि हा दोष व्याकरणाचाच आहे. आपण मुलाच्या समोर उभे राहून ‘म्हण, नमस्कार आजोबा’ असे सांगतो. मूल आज्ञाधारकपणे उत्तरते: ‘म्हण नमस्कार आजोबा’. त्याच्या दृष्टीने पूर्ण वाक्य तेच. पुढे कित्येक वर्षे आजोबा दिसले की ‘म्हण नमस्कार’ असेच ते म्हणत राहते, कारण प्रसंगाशी जोडले गेले ते हे वाक्य. ह्यावर जाणत्या शिक्षकांनी काढलेला मार्ग साधा आहे. सांगणाऱ्याने मुलाच्या समोर नव्हे तर मागे किंवा बाजूला, मुलाच्याच दिशेला तोंड करून उभे राहावे, आणि मुलाने जे म्हणावयाचे तेवढेच, त्याच्या वतीने, त्याच्या लिंगवचनात म्हणावे: ‘नमस्कार, आजोबा’. किंवा काहीच न बोलता त्याचे दोन्ही तळवे हलकेच जवळ आणून दाखवावेत. तेही त्याला स्पर्श चालत असेल तर. मग थांबावे. हे थांबणे सर्वांत कठीण. पाहुणा आणि मूल ह्यांच्यामधील सहा-सात सेकंदांची शांतता आपल्याला असह्य होते व आपणच तिच्यात शब्द कोंबतो. मुलाला शब्द सापडण्याची वेळ नेमकी तीच असते. दर खेपेस मदत थोडी कमी करीत गेले, आणि आधी एकच माणूस, एकच दार, एकच वेळ धरून चालले, म्हणजे वचन रुजते. नंतर माणसे बदलावीत. केंद्रातील बाईंना रोज नमस्कार करणारे मूल जिन्यात भेटलेल्या त्याच बाईंना ओळख देत नाही, ह्यात त्याचा उद्धटपणा नाही. त्याने शिकलेला धडा केंद्राच्या दाराशी बांधलेला आहे, एवढेच.

शिवाय काही नियम असे आहेत की जे आपण कधी कोणाला सांगितलेलेच नाहीत. एकाच माणसाला दिवसातून कितीदा अभिवादन करावे? सकाळी कार्यालयात ‘नमस्कार’ झाला. अर्ध्या तासाने पुन्हा समोर आले तर नुसती मान हलवावी. तिसऱ्यांदा तेही नको. फोनवर बोलणाऱ्याला हात वर करावा, शब्द उच्चारू नये. मयताच्या घरी शिरताना नमस्कार बोलून करीत नाहीत आणि निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे तर प्रौढांनाही कधीकधी सांगावे लागते. एकदा सांगितलेला नियम काटेकोरपणे पाळणाऱ्या मुलाला हे सर्व स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. आणि सांगावयास बसले की ध्यानात येते, आपल्याला तरी ते कुठे नीट मांडता येते?

दृष्टीला दृष्टी भिडविण्याविषयी मात्र माझे मत कडक आहे. अमेरिकेत लोवास ह्यांच्या संप्रदायातून जी वर्तनशिक्षणाची पद्धत रूढ झाली, तिच्या आरंभीच्या पाठांत ‘माझ्याकडे बघ’ ही आज्ञा असे. ती पद्धत भाषांतरित होऊन आपल्याकडे आली आणि तिच्याबरोबर ही आज्ञाही. वास्तविक वडीलधाऱ्यासमोर नजर खाली ठेवणे हे आपल्या समाजात अदब मानले गेले आहे. नमस्कार ही मुद्रा अशी की तिच्यात स्पर्श नाही, हस्तांदोलनाची पकड नाही, अंतर राखलेले आहे, आणि मान झुकल्याने डोळे आपोआप खाली जातात. स्वमग्न मुलाला सोयीचे असे अभिवादन कोणी मुद्दाम रचावयास घेतले असते तर ते ह्याहून फार निराळे झाले नसते. असे असता हात जोडून, खाली पाहून उभ्या असलेल्या मुलाची हनुवटी धरून वर करणे आणि ‘डोळ्यांत बघून म्हण’ असे सांगणे हा शुद्ध अविचार होय. तसेच पायां पडण्याचे. दहा पाहुण्यांच्या पायांना ओळीने हात लावण्याचा आग्रह, वर गालगुच्चे आणि डोक्यावरून फिरणारे हात! स्पर्शाने ज्याच्या अंगावर काटा उभा राहतो त्या मुलाला एक नमस्कार दुरून करू द्यावा व पाहुण्यांना तसे आधीच सांगून ठेवावे.

आणि कोणत्या भाषेत शिकवावे? हैदराबाद, दिल्ली, बंगलोर अशा ठिकाणच्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न फार सतावतो, आणि आता पुण्या-मुंबईतही सतावू लागला आहे. मूल उशिरा बोलते असे दिसताच पुष्कळदा सल्ला मिळतो की घरात एकच भाषा ठेवा. आणि ती एक भाषा शाळेची, म्हणजे इंग्रजी असावी. गेल्या काही वर्षांतील संशोधनात द्विभाषिक वातावरणामुळे स्वमग्न मुलांच्या भाषाविकासाची हानी होते असे आढळलेले नाही. सल्ला मात्र चालूच आहे. त्याचा परिणाम असा की मूल ‘हाय’ आणि ‘बाय’ शिकते, आणि ज्या आजीचा दिवस त्याच्या भोवती फिरतो तिला द्यावयाला त्याच्याजवळ शब्द नसतो. आईबाप तुटक इंग्रजीत मुलाशी बोलतात आणि आपसांत मराठीत. घरातील खरी भाषा ज्याला बंद ते मूल आपल्याच घरात पाहुणे. माणसे जोडण्यासाठी जी वचने आहेत ती, ज्या माणसांशी जोडावयाचे, त्यांच्या भाषेत नसावीत ह्यासारखा विपर्यास नाही. फाटकावरच्या रखवालदाराला हिंदीत ‘नमस्ते भैया’, आजीला मराठीत, बाईंना इंग्रजीत, असे तीन माणसांसाठी तीन शब्द ही मुले शिकू शकतात. माणूस आणि शब्द ह्यांची अशी पक्की गाठ त्यांना उलट सोयीची पडते.

नातेवाचक संबोधने हा ह्यातील एक खडक. दुकानदार ‘काका’, कामाच्या बाई ‘मावशी’, बसमधील अनोळखी वृद्धा ‘आजी’. ‘ते माझे काका नाहीत’ हे मुलाचे म्हणणे निर्विवाद खरे असते. अशा वेळी ‘आपल्या वडिलांच्या वयाच्या माणसाला नाव माहीत नसले तर काका म्हणतात’ हा नियम जसाच्या तसा सांगून टाकावा; तो मुलाला पटतो, कारण तो नियम आहे. ‘अरे, असं म्हणायचं असतं’ हे पटत नाही.

ह्या सर्व खटाटोपाला दुसऱ्या बाजूनेही एक गंभीर हरकत आहे, आणि ती स्वमग्न व्यक्तींनीच घेतली आहे. बहुसंख्यांचे शिष्टाचार अंगावर चढविण्यात आमची शक्ती का खर्च व्हावी? डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडले की न समजणे हे दुहेरी असते. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही तितकेच इतरांनाही त्याचे कळत नाही, मात्र दोष एकाच्याच पदरी टाकला जातो. हा विचार मला मूलतः मान्य आहे. अभिवादनाचा इतिहास हा सक्तीचाही इतिहास आहे, हे आपण तर जाणतोच. ‘जोहार’ हा शब्द महाराष्ट्रात महाराने वाकून उच्चारावयाचा होता. एकनाथांच्या भारुडांत त्याचा एक स्वतंत्र प्रकारच आहे. तोच शब्द झारखंडात आदिवासींच्या स्वाभिमानाचा उच्चार आहे. ‘जय भीम’ म्हणणाऱ्याने एक अभिवादन नाकारून दुसरे निवडले. कोणते अभिवादन करावे ही निवड माणसाची असते, आणि ती ह्या मुलालाही असावी: हात जोडणे, नुसता हात वर करणे, चित्राचे कार्ड दाखविणे, किंवा त्याला आगगाड्या आवडत असतील तर ‘आज कोणत्या गाडीने आलात?’ असे विचारणे. शेवटचे तर उत्तम अभिवादन होय. विचारणाऱ्याला उत्तर खरोखरीच हवे असते. पण निवडावयाला आधी शब्द हाताशी हवेत. रस्ता चुकलेल्या, पोलिसाने हटकलेल्या, नव्या वर्गात एकट्या बसलेल्या मुलाजवळ एक तरी असे वचन असावे की ज्याने समोरच्याचा आवाज खाली येईल. ह्या कारणासाठी मी शिकविण्याच्या बाजूचा आहे; नीटनेटके दिसावे ह्यासाठी नव्हे.

आपल्यासारख्यांचे काम येथेच सुरू होते. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मराठीत शब्दांच्या जातींची बारीक चर्चा झाली. कोणी, कोणाला, केव्हा काय म्हणावे ह्याची चर्चा तेवढी झाली नाही. अन्य भारतीय भाषांचे अभ्यासक आपापल्या भाषेपुरते सांगू शकतील. भाषाविभागांतून बोलींची सर्वेक्षणे होतात, त्यांच्या प्रश्नावल्यांत शरीरावयव, नातेसंबंध, संख्या असतात. त्यांत पन्नासएक प्रसंग घालावयास काय हरकत आहे: दारात, पाणवठ्यावर, दवाखान्यात, सुतकाच्या घरी, एकाच दिवसात दुसऱ्यांदा भेटल्यावर? वारकरी वारकऱ्याला काय म्हणतो, कोकणातील म्हातारी वाटसरूला काय विचारते, ‘येतो’ म्हटल्यावर समोरून ‘या’ येते की ‘बरं’ की ‘सावकाश जा’, आणि त्यावर आणखी काही बोलावयाचे असते की आता खरोखरीच निघावयाचे असते? मैसूरच्या वाक्‌श्रवण संस्थेत किंवा जिल्ह्याच्या एखाद्या लहान केंद्रात मुलासमोर बसलेल्या शिक्षिकेला अशी वही हवी असते. आज ती हे कोष्टक रोज रात्री एकटीच तयार करते, बहुधा इंग्रजीवरून. आणि ‘येतो’ पाशी आल्यावर अडते.